जशीच्या तशी

मुरुमच्या बाजारात जैनोद्दीनचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान सगळ्यांच्या माहितीचं होतं. पण दुकानाच्या मागं जे घर होतं, त्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत काय आहे ते फार थोड्यांनी पाहिलं होतं. त्या खोलीला कायम कुलूप आणि किल्ली जैनोद्दीनच्या खिशात. झाडलोटीपुरती ती त्याच्या बायकोच्या, फरिदाबीच्या हातात यायची, तीही तो स्वतः दारात उभा असताना.

आत भिंतीला विलायती गिटारी टांगलेल्या होत्या. विजेवर वाजणाऱ्या, चपट्या अंगाच्या. एक काळी, एक मधाच्या रंगाची, एक निळसर आणि मधोमध एक लालभडक. लाल गिटारीच्या पायाशी तिच्याबरोबरच आलेली पेटी होती. तारांचा आवाज मोठा करून बाहेर टाकणारी, आत काचेचे व्हॉल्व्ह असलेली, अंगावर तपकिरी कापड चिकटवलेली.

हे वेड लागलं बहात्तरच्या दुष्काळात. दुकानाचं सामान आणायला जैनोद्दीन हैदराबादला जायचा. तिकडं रेल्वे कॉलनीतले अँग्लो-इंडियन लोक एकेक करून ऑस्ट्रेलियाला निघाले होते आणि क्लबात वाजवायची आपली वाद्यं मिळेल त्या भावाला काढत होते. इकडं मुरुमात बायका तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालायला चालल्या होत्या. दावणीला बसलेलं जनावर पुन्हा उठत नव्हतं. फरिदाबीचा धाकटा भाऊ नबीलाल दुष्काळी कामावर खडी फोडून तिथं खायला मिळणाऱ्या सुकडीची पिशवी घरी आणत होता. आणि अशा दिवसांत जैनोद्दीन चादरीत गुंडाळलेली गिटार लेकरासारखी मांडीवर घेऊन एस्टीतून उतरायचा. दुष्काळातही लोकांना बातम्या ऐकायला रेडिओ लागायचा, म्हणून त्याच्या घरची चूल पेटत होती.

शेजारणी फरिदाबीला विचारायच्या, "तुझा मालक वाजवतो का गं ते?"

"न्हाय बाई," ती म्हणायची. "नुसतं बघतो."

खरंच त्याला वाजवता येत नव्हतं. त्याला त्या गिटारी हव्या होत्या त्या कारखान्यातून निघाल्या तशा. तोच रंग, तेच स्क्रू, तीच बटणं. कुणी खुंटी बदललेली असली किंवा वरून रंगाचा हात फिरवलेला असला, तर फुकट दिली तरी तो घ्यायचा नाही. तार तेवढी बदलायला त्याची ना नव्हती. तार म्हणजे दिव्याची वात, ती जळायचीच. बाकी कशाला हात लावायचा नाही. फरिदाबीनं एकदा लाल गिटारीवरचा डाग खोबरेल लावून पुसला, तर तो कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलला नव्हता.

हे काय खूळ म्हणून तिनं एकदाच विचारलं होतं. तेव्हा त्यानं वडिलांचं सांगितलं. ते निजामाच्या राज्यात बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचे. अठ्ठेचाळीस साली पोलीस अ‍ॅक्शनच्या धामधुमीत ते गेले, घरही जळालं. जैनोद्दीन तेव्हा पोरसवदा होता, आईबरोबर रानात लपला होता.

"परत आलो तर दाराची चौकटसुद्धा न्हवती," तो म्हणाला. "अब्बांचं कॉर्नेट सापडलं ते असं." त्यानं मूठ आवळून दाखवली. "वितळून गोळा झालेलं. या दुनियेत एखादी तरी चीज जशीच्या तशी ऱ्हावी का न्हाय?"

त्याच साली घराबाहेर पडलेले फरिदाबीचे मामूही परत आले नव्हते.

व्हॉल्व्ह मरू नयेत म्हणून जैनोद्दीन अधूनमधून ती पेटी सुरू करायचा. एकदा ती चालू असताना फरिदाबीनं फडकं फिरवलं आणि बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. ती किंचाळून मागं सरकली.

"चावली की हो ही!"

"चावतेच ती," जैनोद्दीन शांतपणे म्हणाला. "दोन पिनांची हाय. त्या काळात तिकडं तशीच बनवायचे. जमिनीची, अर्थिंगची वायर न्हाय तिला."

"मग जोडा की. तुमच्या हातचंच काम हाय."

"जोडायची तर आतलं कापावं लागंल. मागं भोक पाडावं लागंल." तो पेटीकडं बघत राहिला. "मग ती ती ऱ्हात न्हाय."

आपल्याकडची वीज तिला मानवत नव्हती, तर त्यानं वेगळा ट्रान्सफॉर्मर बनवून बाहेर ठेवला होता. पण पेटीचा एक स्क्रू ढिला केला नव्हता. फरिदाबीनं त्या दिवसापासून पेटी चालू असताना तिला हात लावायचं सोडलं. गोष्ट तिथंच संपली.

नबीलालला तिनंच वाढवला होता. अम्मा लवकर गेली तेव्हा तो तिच्या कडेवर होता. मोठा झाल्यावर तो दिवसा धान्याच्या अडतीवर पोती उचलायचा आणि संध्याकाळी वाजवायचा. आधी बेंजो शिकला, मग दुकानात कुणीतरी टाकून दिलेली एक मोडकी गिटार जैनोद्दीनकडून सांधून घेऊन तिच्यावर बसला. सिदू ढोलकीवाल्याच्या ऑर्केस्ट्रात तो लग्नाला, उरुसाला, गणपतीला वाजवायचा. सिनेमातलं गाणं एकदा ऐकलं की दुसऱ्या दिवशी त्याच्या बोटांत असायचं. त्याचं लग्न झालं, नसीमबी घरात आली, पोरगी झाली, तरी कोपऱ्यातली खोली उघडी दिसली की तो उंबऱ्याशी येऊन उभा राहायचा.

"दुल्हेभाई, एकदा त्या लालीला वाजवू द्या. फकस्त एकदा."

"हात धुऊन ये," जैनोद्दीन म्हणायचा. मग त्याच्या नजरेसमोर नबीलाल तारांवरून बोटं फिरवायचा. खोलीच्या बाहेर मात्र ती गिटार कधी गेली नव्हती.

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात पुन्हा पाण्याचे हाल होते. अशातच गावाबाहेर सहकारी सूतगिरणी उभी राहिली होती आणि तिच्या उद्घाटनाला मंत्री येणार होते. गिरणीचे चेअरमन तात्याराव एके दिवशी स्वतः दुकानात आले.

"मुंबईची पार्टी आणता येईल मला," ते म्हणाले. "पण म्हटलं, आपल्या गावचं पोरगं वाजवतंय तर त्यालाच उभं करावं. पाहुण्यांसमोर नाव काढलं तर गिरणीत लावून घेतो त्याला. कायमचा."

नबीलालच्या मोडक्या गिटारीचा आवाज तोवर पार घोगरा झाला होता. लाल गिटारीसाठी तो तोंड उघडेना, म्हणून फरिदाबीनं उघडलं. जैनोद्दीननं मान हलवून नाही म्हटलं. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आजवर तुमच्याकडं कायबी मागितलं न्हाय. लुगडं मागितलं न्हाय, सोन्याचा डाग मागितला न्हाय. माझ्या भावाच्या जल्माचं कल्याण होतंय. तेवढी गिटार द्या."

जैनोद्दीननं खिशातली किल्ली चाचपली. मग म्हणाला, "दिली."

"आन् त्या पेटीला वायर जोडा."

"बघतो," तो म्हणाला.

उद्घाटनाच्या दिवशी दुपारी तो पेटी चादरीत गुंडाळत होता, तेव्हा तिनं विचारलं, "जोडली का?"

"पोराला नीट समजावलंय. रबरी बूट घालायचे, माईकला हात लावायचा न्हाय. कायबी होत न्हाय."

फरिदाबीच्या ओठावर शब्द आले होते. पण जास्त बोललं तर हा माणूस चादरीसकट पेटी परत खोलीत ठेवील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं शब्द गिळले आणि नबीलालच्या सदऱ्याला इस्त्री करायला बसली.

गिरणीच्या मैदानावर धूळ उडू नये म्हणून टँकर आणला होता. त्या उन्हाळ्यात गावाला टँकरची वाट बघत बसावं लागत होतं, आणि इथं पाणी मातीवर सोडलेलं बघून बायका घागरी घेऊन धावल्या. एका म्हातारीनं धारेखाली घागर धरली, तर गड्यानं तिला खांद्याला धरून बाजूला केलं. मैदान भिजलं, स्टेज म्हणून रचलेला मातीचा चौथराही भिजला, आणि त्या ओल्यावर जाजम अंथरलं.

भाषणं झाली, मंत्री घाईनं गाडीत बसून निघून गेले, आणि ऑर्केस्ट्राची माणसं चढायला लागली. फरिदाबी आणि नसीमबी बायकांच्या बाजूला पुढंच बसल्या होत्या. चौथऱ्यावर देवीचा फोटो मांडून नारळ फोडला होता. नबीलाल पायरीवर पाय ठेवतोय तोच मांडवातलं कुणीतरी म्हणालं, "बूट खाली काढ बाबा, पूजा झालीय वर."

नबीलाल थबकला. त्यानं चौथऱ्याच्या मागच्या बाजूला, जिथं जैनोद्दीन वायरी जोडत होता, तिकडं एकदा पाहिलं. मग वाकून बूट काढले, शेजारी शेजारी नीट ठेवले आणि वर गेला. फरिदाबीनं ते पाहिलं. उठून ओरडावं असं तिला वाटलं. पण पुढं गावातली सगळी मोठी माणसं बसलेली, आणि देवाच्या फोटोपुढं आपल्या भावानं बूट घालावे म्हणून एका मुसलमान बाईनं कसं ओरडायचं? ती बसून राहिली.

मग तो वाजवायला लागला. त्या लाल गिटारीचा आवाज गावानं पहिल्यांदा ऐकला. आधी सगळं मैदान गप्प झालं, मग मागून शिट्ट्या सुरू झाल्या. अडतीवर ज्यांची पोती तो उचलायचा ते व्यापारी माना डोलवत होते. नसीमबी पदराआड हसत होती. आणि जैनोद्दीन, इतकी वर्षं जिला नुसतं बघत आला होता तिचा आवाज ऐकत, चौथऱ्याच्या कडेला उभा राहून डोळे पुसत होता. फरिदाबीला वाटलं, उगाच भीत होते मी.

कार्यक्रम संपत आला तोवर ओल जाजमातून वर आली होती. तात्याराव खुर्चीतून उठले आणि खूश होऊन म्हणाले, "पोरा, नाव सांग तुझं! माईकवर सांग, सगळ्यांना कळू दे!"

नबीलाल लाजला. डावा हात तारांवर तसाच ठेवून त्यानं उजव्या हातानं माईक जवळ ओढला.

नाव त्याच्या तोंडून निघालंच नाही. मान मागं गेली, अंग ताठ होऊन थरथरायला लागलं. पोरगं नाचून दाखवतंय असं वाटून लोक हसले. काहींनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात आधी कळलं ते सिदूला. त्यानं ढोलकी फेकली आणि पेटीला अशी लाथ घातली की ती वायर तोडून चौथऱ्याखाली जाऊन आदळली. नबीलाल गिटारीसकट जाजमावर कोसळला. जैनोद्दीन त्याच्या छातीवर बसून दाबत होता, तोंडात फुंकत होता, त्याला नावानं हाका मारत होता. फरिदाबी चौथऱ्यावर कशी चढली ते तिला पुढं कधी आठवलं नाही. जीपमधून दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली आणि ती खाली ठेवली.

दफन झालं. दुसऱ्या दिवशी तात्याराव पोलीस जमादाराला घेऊन नबीलालच्या घरी आले. नसीमबी आत पोरीला घेऊन भिंतीला टेकून बसली होती. तात्यारावांचा चेहराही उतरलेला होता. ते वाईट माणूस नव्हते. पण त्यांनी सगळं ठरवून आणलं होतं.

"जे झालं ते फार वाईट झालं," ते म्हणाले. "आता उरलेल्यांचं बघावं लागंल. पोराला आधीपासून छातीचा त्रास होता, वाजवता वाजवता झटका आला. एवढंच लिहायचं. गिरणीचं नाव पहिल्याच दिवशी बद्दू होत न्हाय, जैनोद्दीनवरबी काय येत न्हाय. नसीमबीला मी गिरणीत लावतो. माझा शब्द."

जैनोद्दीन खाली मान घालून बसला होता. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. जमादारानं कागद सरळ केला.

"बाई, तुम्ही बहीण. सांगा, त्रास होता ना त्याला?"

फरिदाबीच्या मनात सगळं एकदम आलं. नवऱ्याच्या हातात बेड्या, नसीमबीची पोरगी, आणि पायरीजवळ शेजारी शेजारी ठेवलेले ते बूट. हो म्हटलं असतं तर सगळ्यांचंच बरं होतं. पण हो म्हटलं की नबीलाल एक आजारी, कमजोर माणूस होऊन मेला असं कायमचं ठरणार होतं.

"त्याला कसला त्रास?" ती म्हणाली. "पोतं उचलायचा तो. करंट लागून मेला माझा भाऊ. पेटीला जमिनीची वायर न्हवती. मला ठाऊक होतं. ह्यांनाबी ठाऊक होतं."

तात्याराव तिच्याकडं बघत राहिले. मग उठले, चपला पायात सरकवल्या आणि निघून गेले. फुटकी पेटी आणि गिटार मुद्देमाल म्हणून पोलिसांनी नेली. जैनोद्दीनलाही नेलं, दुसऱ्या दिवशी तो जामिनावर सुटून आला. नसीमबीला गिरणीचं बोलावणं आलं नाही.

त्या दिवसापासून चाळिसावा दिवस होईपर्यंत नसीमबी फरिदाबीशी बोलली नाही. मग एकदा आपल्या दारात उभं राहून म्हणाली, "आपा, तो तर गेलाच होता. तुम्ही खरं बोललात म्हणून उठून आला का? माझ्या लेकराच्या तोंडचा घास मात्र गेला."

फरिदाबी ज्वारीचं गठुळं नसीमबीच्या ओट्यावर ठेवून यायची. कधी ते आत जायचं, कधी दुसऱ्या दिवशी तिथंच असायचं.

नवरा-बायको एका घरात राहत होते. ती भाकरी वाढायची, तो खायचा. दुकान उघडायचा, रेडिओ दुरुस्त करायचा. कोपऱ्यातल्या खोलीत तो जात नव्हता, आणि फरिदाबीला वाटायला लागलं होतं की ते वेड नबीलालबरोबर मातीत गेलं.

उमरग्याच्या कोर्टात खटला उभा राहायला दोन पावसाळे गेले. वकिलानं समजावलं होतं की साक्षीदार कुणी बोलणार नाहीत, तुम्ही फक्त गप्प राहा, सुटाल. जैनोद्दीन पिंजऱ्यात उभा राहिला. गुन्हा कबूल आहे का, असं न्यायाधीशांनी विचारलं.

"कबूल हाय," तो म्हणाला. वकिलानं कपाळावर हात मारला. "तो बूट काढत होता ते मी बघितलं होतं. माझ्याकडं बघून काढले त्यानं. मी हाक मारली न्हाय."

फरिदाबी मागच्या बाकावर बसली होती. हे तिला आजवर त्यानं सांगितलं नव्हतं. आणि तरी असंही वाटलं की या माणसाशी आता बोलता येईल. कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दंड, अशी शिक्षा झाली. तो दिवसभर बाकावर बसून राहिला. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली, बाटलीतलं पाणी त्याला दिलं. तो प्याला.

कोर्ट उठल्यावर कारकुनानं हाक मारली. मुद्देमाल परत न्यायचा असेल तर सही करा. जैनोद्दीन उठला. पेटीचं नुसतं खोकं उरलं होतं. पण गिटार होती, पोत्यात बांधलेली. त्यानं टेबलावर पोतं सोडलं. खिशातून रुमाल काढून धूळ झटकली. एकेक खुंटी बोटानं चाचपली. गिटार उलटी करून पाठ पाहिली, कड पाहिली, उजेडाकडं नेऊन रंग पाहिला. मग हलक्या आवाजात, स्वतःशीच म्हणाला, "जशीच्या तशी हाय."

फरिदाबी त्याच्या मागंच उभी होती.

मुरुमच्या एस्टीत तो पोतं मांडीवर घेऊन बसला. शेजारची जागा त्यानं तिच्यासाठी धरली होती. ती पुढं जाऊन दुसऱ्या बाईजवळ बसली. गावात उतरल्यावर तो घराकडं वळला आणि ती वळली नाही. "कुठं?" एवढंच त्यानं विचारलं. ती नसीमबीच्या गल्लीनं चालायला लागली.

नसीमबीनं दार उघडलं, तिला पाहिलं आणि दार उघडंच ठेवून आत गेली. ये म्हणाली नाही. फरिदाबीनं ओट्यावर पथारी टाकली. जैनोद्दीन तिला न्यायला आला नाही. पुढं लोक सांगायचे की हैदराबादेहून, पुण्याहून कुणी कुणी मोटारीतून त्याच्या गिटारी बघायला येतात, आणि तो दारात उभा राहून त्या दाखवतो, विकत मात्र नाही. फरिदाबी ते ऐकून घ्यायची.

खटला संपला त्या वर्षी पाझर तलावाचं काम निघालं होतं. नसीमबी पोरीला शेजारणीकडं ठेवून तिकडं पाटीनं माती वाहायला जायची. एका सकाळी फरिदाबी तिच्या मागोमाग निघाली. कामावर पोचल्यावर मुकादमानं या उतारवयाला लागलेल्या बाईकडं पाहिलं आणि नसीमबीला विचारलं, "ही कोण?"

नसीमबीनं चुंबळ डोक्यावर ठेवली, नीट बसवली.

"नणंद हाय माझी," ती म्हणाली. "तिलाबी पाटी द्या."